तिसऱ्या दिवसाची फी

१

सहा नंबरचं पावतीपुस्तक होतं. आठ नंबरचं होतं. सात नंबरचं नव्हतं.

"पुन्हा मोजा शेख," ऑडिटर तिरोडकर म्हणाले. मी पुन्हा मोजली. कपाट उपसलं, दप्तरं सोडली, सतरंजी झटकली. मे महिन्याचा उकाडा, त्यात माझ्या हातापायाला घाम सुटलेला. दिवाळीला नवी बारा पुस्तकं छापून आली होती, साठा वहीत माझीच सही होती आणि समोर अकराच पडली होती.

हे छप्पन सालचं. आमचं गाव चाकणच्या अलीकडे, कुरुळीपासून पायी जाण्याएवढं. नाव सांगत नाही, नानासाहेबांची नातवंडं अजून तिथं आहेत आणि भली माणसं आहेत. मी, नूरमोहम्मद शेख, त्या ग्रामपंचायतीचा सेक्रेटरी. गावात दर सोमवारी गुरांचा बाजार भरायचा आणि विकलेल्या प्रत्येक जनावरामागं पंचायत पावती फाडायची. बैलाला आठ आणे, रेड्याला सहा, शेळीला दोन. पंचायतीचं खरं उत्पन्न तेच, बाकी घरपट्टी म्हणजे नुसती रडकथा.

आता ऑडिटचं सांगतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. पुण्याहून लोकल फंडाचे ऑडिटर वर्षातून एकदा यायचे आणि त्यांची फी पंचायतीनंच भरायची. आमच्याकडे दिवसाला बारा रुपये. आणि किती दिवस, ते वर्षाच्या उत्पन्नावर ठरायचं. हजार रुपयांच्या आत असलं की दोन दिवस, वर गेलं की तीन. जानेवारीत त्या फीचं पत्र मी सभेत वाचून दाखवलं होतं. तेव्हा आमचे सरपंच नानासाहेब केवढे तापले होते! "आपल्या घराची झडती घ्यायची, आन झडती घेणाराचा पगारबी आपुनच द्यायचा? ह्यो कुठला न्याव रं?" ते पत्र त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं, आणि यंदाचा आकडा हजाराच्या आसपास जाईल, हेही विचारून घेतलं होतं.

त्या साली वहीप्रमाणे उत्पन्न झालं नऊशे अडुसष्ट. म्हणून ऑडिटर आमच्या वाट्याला दोनच दिवस आले होते, गुरुवार आणि शुक्रवार.

"सहा नंबरची शेवटची पावती सहाशे," तिरोडकर वहीवर बोट ठेवत म्हणाले. "पुढची नोंद सातशे एकची. मधल्या शंभर पावत्या फाडल्याच नाहीत, की फाडल्या आणि पैसे वहीत आले नाहीत?"

मी वही जवळ ओढली. दोन्ही नोंदी माझ्याच अक्षरात होत्या.

२

जानेवारीच्या अखेरीला मला हिवतापानं धरलं होतं. दोन सोमवार मी अंथरुणात होतो. तिसऱ्या आठवड्यात कसाबसा उठलो, कचेरीत आलो आणि कपाटात दिसेल ते वहीत उतरवून मोकळा झालो. आकडा सहाशेवरून सातशे एकवर उडाला, ते माझ्या तापलेल्या डोक्याला कळलंच नाही. सेक्रेटरी म्हणवतो आणि आकडे वाचता येत नाहीत! आजही आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

तिरोडकर मूळचे कोकणातले. हडकुळे, टोपी नीट बसवलेली, आवाज हळू. सकाळी आल्या आल्या मी चहा मागवला, तर त्यांनी आपल्या कपाचा आणा खिशातून काढून भैरूच्या हातावर ठेवला. जेवणाचा डबा स्वतःचा. मला आधी रागच आला होता. आमच्या हातचा चहा बाटतो की काय? तसं विचारायला तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "शेख, मला फीतून पगार मिळतो. वर चहा फुकट घेतला तर तुमची वही मला नीट दिसणार नाही." असला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्यांनी सरळच सांगितलं. "उद्या संध्याकाळच्या एसटीनं मी जाणार. तोपर्यंत पुस्तक सापडलं नाही, तर रिपोर्टात 'अपहाराचा संशय' लिहावं लागेल. साठा वहीवर सही तुमची आहे, म्हणजे नाव तुमचं येईल."

अपहार म्हणजे चोरी. नोकरी तर जाणारच, वर फौजदारी. माझ्या वडिलांनी आयुष्यभर गावच्या बाजारात दुसऱ्यांच्या गुरांचे सौदे केले आणि कुणाचा पैसा इकडचा तिकडे केला नाही. त्यांच्या मुलाच्या हातात आता बेड्या पडणार!

नानासाहेबांना निरोप गेला. दुपारी ते आले. अंगानं थोराड, मिशा पांढऱ्या, पैशाला मात्र फार घट्ट. स्वतःच्या वहाणेचा अंगठा तुटला तर सुतळीनं बांधून वर्ष काढणारा माणूस! त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "साहेब, एक्केचाळीस रुपड्यांपायी माणसाचा जीव घेता व्हय? मी भरतो पैकं. मिटवा."

मला गहिवरून आलं. म्हटलं, बघा, ज्याला आपण कवडीचुंबक म्हणतो तोच अडीनडीला पावतो.

तिरोडकर एवढंच म्हणाले, "नको. पैसे भरले की चोरी झाल्याची कबुली होते. आणि ती शेखांच्या नावावर जमा होईल." आणि कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी काहीतरी बारीक लिहिलं.

३

त्या दिवशी घरी गेलो, तर नजमुन्निसाला बातमी आधीच पोचलेली. ती उठली. आत गेली आणि हातातल्या दोन्ही पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या.

"विका आणि भरून टाका," ती म्हणाली. "लोक काही म्हणोत."

"मी चोर आहे का गं?" मी खेकसलो.

"चोर असता तर माझ्या हातात चार पाटल्या असत्या," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिरोडकरांनी भैरूला बोलावलं. भैरू पंचायतीचा शिपाई. बाजारात पावत्या तोच फाडायचा. त्याची एक पद्धत होती, आणि ती मीच लावलेली. एक पुस्तक संपलं की त्याचे पैसे फडक्यात बांधायचे आणि ती पुरचुंडी त्याच पुस्तकाला सुतळीनं जखडायची, म्हणजे या पुस्तकाचे पैसे त्या पुस्तकात मिसळत नाहीत. मी मग सावकाश सोडून मोजायचो आणि वहीत लिहायचो.

"सात नंबर फाडलं का?"

"फाडलं की साहेब. दोन्ही सोमवारी मिळून. पुरचुंडी बांधली, कपाटात ठिवली, आन किल्ली नानासाहेबांच्या घरी त्येंच्या मंडळींच्या, सोजराबाईंच्या हातात दिली. नूरभाऊ आजारी, मग दुसरं कुणाला देनार?"

"पैसे किती होते?"

"त्ये न्हाई आठवत. गुरं काय एका दराची असत्यात व्हय? बैल किती, शेळ्या किती, त्ये पुस्तकात. मी आपला पावती फाडली की फडक्यात टाकतो."

"तुझ्या घरावर नवे पत्रे आलेत म्हणे."

भैरूचा चेहरा उतरला. तो धावत घरी गेला आणि सोसायटीच्या कर्जाचा कागद घेऊन आला. तारीख डिसेंबरची होती, म्हणजे पुस्तक हरवण्याच्या दीड महिना आधीची. तिरोडकरांनी कागद परत केला आणि म्हणाले, "नीट जपून ठेव."

मग राहिला मीरासाहेब. बैलांचा व्यापारी आणि बाजाराचा जुना ठेकेदार. दोन वर्षांपूर्वी पंचायतीनं ठेका बंद करून वसुली स्वतः घेतली, तेव्हापासून तो रोज कचेरीच्या पायरीवर बसून आम्हाला टोमणे मारायचा. नानासाहेबांच्या घरी चहाला जायचा, त्यामुळं तिथं खुंटीला टांगलेली कपाटाची किल्ली त्याच्याही नजरेत. माझा सगळा संशय त्याच्यावर होता. जातभाई असला म्हणून काय झालं, वसुली बुडाली तर ठेका परत त्यालाच मिळणार होता!

"अरे भाई, मी तेव्हाच बोललो होतो," तो आल्या आल्या सुरू झाला. "कचेरीवाल्यांना बाजार सांभाळता येत नाही. ठेका मला असता तर एक पावती हलली नसती."

"तुमच्या खरेदीच्या पावत्या आहेत?" तिरोडकरांनी विचारलं.

"साऱ्या! पावती दाखवल्याशिवाय मोशीच्या पुढं बैल कोण जाऊ देतो?" त्यानं बंडीतून गठ्ठा काढला आणि टेबलावर आपटला. त्यात सहाशे बाराची होती, सहाशे चाळीसची होती, सहाशे त्र्याण्णवची होती. तारखा तीस जानेवारी आणि सहा फेब्रुवारी.

आता शंकाच उरली नाही. शंभर पावत्या फाटल्या होत्या, पैसे घेतले गेले होते. आणि त्या दोन आठवड्यांत कपाटाची दुसरी किल्ली माझ्या उशाखाली होती.

४

शुक्रवारी दुपारी तिरोडकर म्हणाले, "चला, बाजाराची जागा दाखवा."

जागा रिकामीच होती. दावणीचे खुंटे, धूळ आणि मधोमध नवा सिमेंटचा हौद, गुरांना पाणी पाजायचा. तिरोडकर त्याच्याभोवती दोनदा फिरले, वाकले. गवंड्यानं ओल्या सिमेंटवर काडीनं तारीख कोरली होती, १५-२-५६.

"हा कुणी बांधला?"

"नानासाहेबांनी पदरचे पैसे घालून, चाकणच्या गवंड्याकडून बांधून घेतला," मी म्हणालो. "आधी इथं फुटकी डोणी होती. गावानं त्यांना नारळ दिला, फेटा बांधला."

"पदरचे," तिरोडकर म्हणाले. "खर्च किती आला?"

"ते त्यांनी सांगितलं नाही."

ते हौदाच्या कडेवर बसले. मग विचारलं, "शेख, तुम्ही चोर असतात, तर काय केलं असतंत?"

मी चिडलोच. "मला काय विचारता? मी चोर नाही!"

"म्हणूनच विचारतो. साठा वही तुमच्या ताब्यात. बाराच्या जागी अकरा लिहायला किती वेळ लागला असता? तुम्ही ते केलं नाहीत. हे पुस्तक ज्यानं नेलं, त्याला साठा वही असते हेच माहीत नव्हतं. त्याला वाटलं, ऑडिटर पैसे मोजतो, पुस्तकं मोजत नाही."

माझ्या जिवात जीव आला. पण तेवढ्यानं रिपोर्ट बदलणार नव्हता. नाव सांगायला पुरावा हवा होता, आणि कोपऱ्यावर साडेपाचची एसटी येऊन उभी राहिली. तिरोडकर पेटी घेऊन चढले. दोन दिवस संपले होते. मी रस्त्यावर तसाच उभा राहिलो आणि खरं सांगतो, त्या वेळी मला जीव द्यायला कुरुळीची विहीर आठवली.

५

शनिवारी सकाळी साडेआठला भैरू धावत घरी आला. "नूरभाऊ, चला! साहेब परत आल्यात! चाकणच्या गवंड्याला संगं घिऊन!"

हौदापाशी तिरोडकर उभे होते. नानासाहेबांना त्यांनी बोलावून घेतलं होतं. मीरासाहेब तर न बोलावता हजर होता.

"नानासाहेब," तिरोडकर हळूच म्हणाले, "गुरुवारी तुम्ही एक्केचाळीस रुपये भरायला तयार झालात. एक्केचाळीसच का? पन्नास का नाही, तीस का नाही? बैलाला आठ आणे, शेळीला दोन. शंभर पावत्यांचे किती झाले, ते पुस्तक उलगडल्याशिवाय भैरूलासुद्धा सांगता येत नाही. शेखांना माहीत नाही. मला माहीत नाही. ते फक्त त्यालाच माहीत, ज्यानं पुरचुंडी सोडून मोजली."

मी वळून पाहिलं. नानासाहेब हौदातल्या पाण्याकडं बघत होते.

"मीरासाहेबांनी पुस्तक नेलं असतं तर त्यातल्या पावत्या माझ्यासमोर आपटल्या नसत्या. भैरूचे पत्रे आधीचे. आणि वहीत ज्याची जमा नाही अशी एक रक्कम गावात आहे, तसाच वहीत ज्याचा खर्च नाही असा हा हौदही आहे. गवंड्याला मी आज सकाळी गाठलं. याची मजुरी आणि सिमेंट मिळून किती झाले, सांग रे."

"एक्केचाळीस रुपये चार आणे," गवंडी म्हणाला. "फडक्यात बांधलेले होते. सगळी नाणी. मोजता मोजता बोटं दुखली."

"खाल्ला नाही एक पैसा," तिरोडकर म्हणाले. "चोरी कुणी केलीच नाही. मग पुस्तक लपवलं कशाला? वहीतले नऊशे अडुसष्ट आणि हे एक्केचाळीस, एक हजार नऊ होतात. हजाराच्या वर गेलं की ऑडिटचा तिसरा दिवस लागतो. त्याचे बारा रुपये."

बारा रुपये! माझं डोकंच फिरलं. "नानासाहेब!" मी ओरडलो, "बारा रुपयांसाठी मला बेड्या घालायला निघालात? माझ्या बायकोनं हातातल्या पाटल्या काढल्या, माहीत आहे?"

नानासाहेबांनी डोक्यावरचं पागोटं काढलं. इतक्या वर्षांत मी त्यांचं उघडं डोकं पहिल्यांदा पाहिलं.

"मला वाटलं, पैकं सरकारला दावून त्येंचीच फी वाडवायची, त्यापरीस गुरांना पानी तरी मिळंल," ते म्हणाले. "पुस्तकावाचून कुणाचं अडंल असं वाटलंच न्हाई रं. मग तुजं नाव आलं आन माजी जीभच टाळ्याला चिकटली. गावानं फेटा बांधलेला. कसं सांगू? म्हनून म्हनलं, पैकं भरतो. चुकलो, नूरमोहम्मद. लई मोठा चुकलो."

"पुस्तक कुठंय?" तिरोडकरांनी विचारलं.

"जुंधळ्याच्या कणगीत. जाळणार व्हतो. पन त्यावर पंचायतीचा शिक्का हाय. हात न्हाई झाला."

मीरासाहेबानं कपाळावर हात मारला. शेवटी त्यालाच राहवलं नाही. "नानासाहेब, बारा रुपये माझ्याकडून उधार घ्यायचे होते ना राव!" त्यावर नानासाहेबसुद्धा रडता रडता हसले.

६

रिपोर्ट पंधरा दिवसांनी आला. त्यात 'अपहार' हा शब्द नव्हता. एक हजार नऊ उत्पन्न, हौदाचा खर्च बिनमंजुरीचा, सबब सभेनं तो मंजूर करून घ्यावा, सरपंचांनी यापुढं पैसे हाताळू नयेत. आणि शेवटी एक ओळ, "साठा वही सेक्रेटरी यांनी प्रामाणिकपणे ठेवल्यामुळेच ही बाब उघडकीस आली." ती ओळ मी नजमुन्निसाला तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "पुरे आता, भाकरी करपतेय," पण डोळे पदरानं पुसत होती.

सोबत फीचं बिल होतं. दोन दिवस, चोवीस रुपये.

हे काही बरोबर नव्हतं. साहेब तीन दिवस आले होते आणि उत्पन्नही आता हजाराच्या वर होतं. एकदा आकडा उडालेला दिसला नाही म्हणून काय भोगलं होतं, ते माझ्या चांगलं ध्यानात होतं. मी ताबडतोब पुण्याला पत्र टाकलं, आपल्या बिलात एक दिवस कमी लागला आहे, तरी दुरुस्ती व्हावी.

उत्तर आलं, दोन ओळींचं. "बिल बरोबर आहे. शनिवारी सदर ऑडिटर किरकोळ रजेवर होते."

मी ते पत्र हातात धरून कचेरीत बसून राहिलो. वर्षाला मोजक्या मिळणाऱ्या रजेतला एक दिवस त्या माणसानं माझ्यासाठी काढला होता, स्वतःच्या पैशानं एसटीचं तिकीट घेऊन चाकणच्या गवंड्याला शोधत फिरला होता आणि त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. माझ्या सख्ख्या नातलगांपैकी कुणी एवढं केलं नसतं. मला रडू आवरेना आणि आवरावंसंही वाटेना.

नानासाहेब आले. मी पत्र वाचून दाखवलं. या वेळीही त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मग कमरेची चंची सोडली, स्वतःचे बारा रुपये टेबलावर मोजले आणि म्हणाले, "धाड. मनिआर्डर कर."

आठ दिवसांत मनिऑर्डर परत आली. रजेच्या दिवसाची फी स्वीकारता येत नाही, असा शेरा होता.

"आरं, जल्मात पयल्यांदा राजीखुशीनं फी द्याया निघालो, तर सरकार घिईना!" नानासाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "मग आता ह्या मानसाचं करायचं काय? लिही, ठराव लिही."

"काय लिहू?"

त्यांनी पागोटं सारखं केलं. "लिही, की तिसऱ्या दिवसाची फी ही पंचायत तिरोडकरसाहेबांना देनं लागते. आन ती फिटायची न्हाई, ह्ये पंचायतीला ठाऊक हाय."

मी तसंच्या तसं लिहिलं. ठराव एकमतानं पास झाला. पुढच्या वर्षी दुसरे ऑडिटर आले, तीन दिवसांसाठी. सभेचं इतिवृत्त चाळताना ते त्या ठरावापाशी थांबले, कारण असं देणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पुन्हा ठराव वाचला, खाली तपासल्याची हिरवी खूण केली आणि आक्षेप न घेता पान उलटलं.